झिपऱ्यांच्या गावात उतरलेली मावशी

माझ्या धाकट्या मावशीचं दोन खुर्च्यांचं सलून आहे. शेजारी चपलांचं दुकान, वर दातांचा दवाखाना. वरून कुणी कळवळल्याचा आवाज आला की मावशी खुर्चीतल्या बाईला सांगते, "घाबरू नका, माझ्याकडे दुखत नाही." बोलायची हौस एवढी की तिची कात्री आणि तोंड एकाच वेळी थांबलेलं मी पाहिलेलं नाही. फक्त सुट्टीचा विषय काढायची सोय नव्हती. "केस काय माझ्यासाठी वाढायचे थांबणार आहेत?" म्हणायची आणि मोकळी व्हायची.

मग चिमणीचा फोन आला. चिमणी ही तिची शाळेतली मैत्रीण. उंची अशी की दारातून वाकून यावं लागतं, म्हणून वर्गानं ठेवलेलं नाव. ती गुरांची डॉक्टर. नोकरीसाठी जगाच्या पार टोकाच्या एका देशात गेली आणि तिथलीच झाली. देश अवाढव्य, पण माणसं इतकी विरळ की शेजाऱ्याकडे जायचं तर डबा बांधून निघायचं.

"माझी साठी आहे," चिमणी म्हणाली. "तू नाही आलीस तर केक काय मेंढ्यांबरोबर कापू?"

"येते!" मावशी बोलून गेली, आणि फोन ठेवल्यावर स्वतःच गिऱ्हाइकाच्या खुर्चीत मटकन बसली.

माझ्या आईनं, म्हणजे मावशीच्या ताईनं, घर डोक्यावर घेतलं. "अगं, तिकडे वारा भयंकर असतो म्हणे. उडून जाशील!"

"ताई, उडायलाच तर चाललेय!"

पहिल्या मोठ्या विमानात तिला मधली जागा मिळाली. खिडकी दिसली नाही, त्यामुळे तो प्रवास ती धरतच नाही. खरी मजा आली विमान बदलल्यावर. त्या देशाच्या सरकारी कंपनीचं हे विमान छोटं, पंख्याचं. हवाई सुंदरी पन्नाशीची, स्वेटर घातलेली. प्रवाशांना नावानं हाका मारत होती. नवी फक्त मावशी. तिला खिडकी मिळाली. विमान धावायला लागलं, चाकांची खडखड एकदम थांबली आणि मावशी जोरात ओरडली, "उडालं!" सगळं विमान हसलं. मागच्या रांगेतल्या कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

खाली पिवळं गवत, दगड, मधेच चकाकणारं तळं. रस्ता नाही, घर नाही. मावशीनं काचेला नाक लावून बराच वेळ पाहिलं.

"माणसं कुठायत हो?" तिनं शेजारच्या लोकर व्यापाऱ्याला विचारलं.

"आहेत की. पसरलीयत."

तेवढ्यात विमान हिंदकळलं. पायलटचा आवाज आला: राजधानीत वारा फार आहे, उतरता येणार नाही, वाटेतल्या धावपट्टीवर थांबू. बाकीच्यांनी उसासे टाकले. मावशीला मात्र एका तिकिटात दोनदा उतरायला मिळणार म्हणून कोण आनंद!

तो विमानतळ म्हणजे एक खोली. शेगडी, बाकं, चहाची मोठी किटली. तिथल्या एकट्या बाईच विमानतळ सांभाळायच्या, पोस्टही चालवायच्या आणि रेडिओवर हवामानही सांगायच्या. त्यांचे केस पार्सलच्या सुतळीनं बांधलेले बघून मावशीला राहवेना.

"हे काय हो?"

"काय करू? केस कापणारी माणसं वर्षातून एकदा बोटीनं येतात. यंदा बोट आलीच नाही."

मावशी थेट विमानाकडे पळाली. सामानाच्या कप्प्यातून आपली बॅग काढून घेतली, कारण चिमणीच्या केसांसाठी ती कात्र्या घेऊन निघाली होती. टेबलावरची चादर पोस्टवाल्या बाईंच्या गळ्यात बांधली आणि कामाला लागली. मान मोकळी झाल्यावर बाईंनी कपाटाच्या काचेत तोंड पाहिलं, दोन्ही हात गालांवर ठेवले आणि तडक रेडिओपाशी गेल्या. "ऐका हो ऐका! धावपट्टीवर केस कापणारी उतरलीय. वारा आहे तोवर या."

थोड्या वेळानं मावशीनं खिडकीबाहेर पाहिलं, तर त्या रिकाम्या माळावर चारी दिशांनी धुळीचे लोट उठलेले. गाड्या येत होत्या. झिपऱ्यावाले मेंढपाळ, नवरा-बायको, एक मास्तरीण, डोळ्यांवर केस आलेली पोरं. खोलीत पाय ठेवायला जागा राहिली नाही. महिनोन्महिने न भेटलेली माणसं रांगेतच गप्पांना बसली. कुणी पाव आणला, कुणी चीज. लोकर व्यापारी झाडू घेऊन केस गोळा करू लागला. "धंद्याची सवय," म्हणाला.

रांगेत एक म्हातारा होता, डोक्यावर एक केस नाही.

"आजोबा, तुमचं काय कापू?"

"काही नाही. बायको होती तेव्हा ती मान साफ करायची. कात्री नुसती फिरवा कानाजवळ. आवाज ऐकायचाय."

मावशीनं त्यांच्या मानेला गरम टॉवेल लावला आणि सावकाश, पुरा वेळ घेऊन कात्री फिरवली. ती गप्प होती. त्या दिवशी तेवढाच वेळ.

रात्र सगळ्यांनी त्या खोलीतच काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा रांग लागली, आणि मास्तरणीची एक बाजू झाली असतानाच वारा पडला. हवाई सुंदरी दारात आली. "चला, निघायचंय!" सगळे मास्तरणीकडे बघायला लागले. डावीकडे झकास, उजवीकडे जंगल.

पायलट मागून डोकावला. त्याचं स्वतःचं डोकं आदल्या दिवशीच झालं होतं. "अर्धं डोकं सोडून आमचं विमान निघत नाही," तो म्हणाला आणि चहा ओतून घेऊन बसला.

राजधानीत चिमणी तारेच्या कुंपणापलीकडे उभी होती, सगळ्यांच्या वर डोकं काढून. दोघी अशा काही गळ्यात पडल्या की मावशीचे पाय जमिनीला टेकत नव्हते. हे मी शब्दशः सांगतेय. चिमणीनं सगळी हकीगत ऐकली आणि म्हणाली, "मग थांब की महिनाभर. मी मेंढ्यांचं बघते, तू माणसांचं बघ."

मावशी थांबली. नंतर दरवर्षी जायला लागली. आता तिची घडीची खुर्ची त्याच विमानातून धावपट्टी-धावपट्टीवर फिरते, आणि इथलं सलून तेवढे दिवस तिची सून चालवते.

परवा तिचा फोन आला. पोस्टवाल्या बाईंना ती केस कापायला शिकवतेय म्हणे.

"जमतंय का?" मी विचारलं.

"जमेल गं! सध्या अर्धं गाव टोपी घालून फिरतंय," ती खिदळत म्हणाली, आणि मागून कुणाचा तरी "हलू नका!" असा दरडावणारा आवाज आला.