हळेबीड: चाल करून आलेले आम्ही

हळेबीडला जायचं ठरलं ते नसीमामुळे. साठच्या दशकातली गोष्ट. बेंगळूरच्या बसवनगुडीतल्या एका मुलींच्या शाळेत मी इतिहास शिकवायला नुकती लागले होते. दिल्लीच्या फौजेने होयसळांची राजधानी हळेबीड लुटली, हे मी वर्गात अगदी रंगवून सांगितलं आणि अख्खा वर्ग मागे वळून नसीमाकडे बघू लागला. शिवाजीनगरच्या शिंप्याची ती हुशार पोर. त्या दिवसापासून तिचा हात वर येईना. धडा अजून अर्धा राहिला होता. म्हटलं, पुढचं शिकवण्याआधी स्वतः बघून येऊ.

माझे वडील, म्हणजे अण्णा, लगेच तयार झाले. पहाटेची हासनची बस, डब्यात पुळियोगरे, म्हणजे चिंचेचा भात, आणि दहीभात. हासनला बस बदलली की तासाभरात हळेबीड. तुम्ही जाणार असाल तर आदल्या दिवशी हासनला मुक्काम करा आणि देवळात सकाळीच पोचा. आम्ही भर दुपारी पोचलो आणि तापलेल्या फरशीवर अनवाणी नाचत फिरलो!

एका म्हाताऱ्या वाटाड्याने भिंतीवरचे हत्ती, हंस कौतुकाने दाखवले. फुटक्या मूर्तीपाशी तो थांबला. "परक्यांनी फोडली, अम्मा. बाहेरून आले, लुटून गेले."

"आणि ती पलीकडची?" अण्णांनी विचारलं.

"ती कुणी फोडली, कोण जाणे. पडलेले दगड तर आमच्याच लोकांनी घरांच्या पायाला नेले." तो ओशाळून हसला. "तुमची भाषा कुठली?"

"मराठी. पण आम्ही बेंगळूरचेच! विजापूरच्या फौजेबरोबर आले आमचे पूर्वज," अण्णा छाती काढून म्हणाले.

"सरी, बरोबर! म्हणजे तुम्हीपण चाल करूनच आलात की!"

ही गोष्ट घरी आम्ही कायम अभिमानाने सांगायचो. बेंगळूर त्याआधी कुणाचं होतं, हे कधी मनातच आलं नव्हतं. मग अण्णांनी हात जोडले. "स्वल्प उशीर झाला, पण माफी असावी!" दोघे म्हातारे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

सोमवारी वर्गात मी काही लपवलं नाही. लूट सांगितली, फुटक्या मूर्ती सांगितल्या. मग म्हटलं, "माझे पूर्वजही फौजेबरोबरच आले. आता माझ्याकडे बघा."

मुली बघतच राहिल्या. मागून एक हात वर आला. "टीचर, माझे पणजोबा फक्त सुई-दोरा घेऊन आले होते."

वर्ग खदखदून हसला, नसीमा सगळ्यांत जास्त.

आता हत्ती कुठे होते, हंस कुठे, मला नीट आठवत नाही. पण त्यानंतर कुठलीही चढाई शिकवताना मी सुरुवात आमच्या घरापासून केली. अण्णाही पाहुण्यांना पूर्वजांची गोष्ट सांगतच राहिले. फक्त शेवटी त्या वाटाड्याचं उत्तर जोडायचे आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसायचे.