मासिकांच्या पत्त्यांचं पुस्तक

धाकट्या जावेच्या बाळंतपणाला मी साताऱ्याहून सांगलीला गेले. तिला आई नव्हती, म्हणून मी. लढाई चालू होती, साखर-रॉकेल मिळायची मारामार, पण तिचं काही अडलं नाही. मुलगा झाला आणि त्याच आठवड्यात तिची गोष्ट एका मासिकात छापून आली.

शेजारच्या बायका बाळाला बघायला यायच्या. ती खाटेवर बसून त्यांना गोष्ट वाचून दाखवायची. मी चुलीशी डिंक तळत ऐकायची. ती मॅट्रिक झालेली, वाचणं ठसक्यात. सासूबाई प्रत्येकीला सांगायच्या, "आमच्या धाकटीचं नाव छापून आलंय बघा. थोरली चार बुकं शिकली, पण लाडू तेवढे लय चांगले करती."

मीही लिहीत होते. विहिरीवर धुणं धुणाऱ्या दोघींची एक गोष्ट माझ्या ट्रंकेत साडीखाली होती. कुठे पाठवायची ते मात्र ठाऊक नव्हतं. जावेला विचारलं असतं तर तिने लगेच सांगितलं असतं. तेच मला नको होतं.

हे बाळाला बघायला आले, तेव्हा हळीव आणायच्या निमित्ताने मी त्यांच्याबरोबर बाहेर पडले. पेठेत पुस्तकांचं दुकान होतं. मासिकांचे पत्ते असलेलं पुस्तक हवंय, असं त्यांना हळूच म्हटलं.

"कशाला? लाडवाची कृती पाठवतेस?" ते हसले, पण दुकानात शिरले.

दुकानदाराने दोन पुस्तकं पुढे टाकली, एक जाड, एक बारीक. मी आधी जावेचं मासिक शोधलं. बारीक पुस्तकात ते पहिल्याच पानावर होतं, वर नव्या लेखिकांना उत्तेजन देणारं म्हणून चांगले दोन शब्द. जाड पुस्तक मागून पुढून चाळलं, त्यात त्याचा पत्ताच नव्हता. मला फार बरं वाटलं.

"वहिनी, ते जुनं आहे," दुकानदार म्हणाला. "लढाईच्या आधीचं. आता कागद मिळत नाही, कितीतरी मासिकं बंद पडली. हे बारीक घ्या."

परक्या माणसाशी बोलायची मला सवय नव्हती. मी जाड पुस्तकावर बोट ठेवलं.

"बाईमाणसाला जाडच पुस्तक आवडतं," हे म्हणाले आणि दोघं हसले.

जाड पुस्तकातलं सगळ्यांत मोठं पुण्याचं मासिक मी निवडलं. जावेचं मासिक त्याच्यापुढे काहीच नव्हतं. गोष्ट पाकिटात घालून पाठवली आणि मग रोज शेक-शेगडी करताना, दिवाळी अंकात माझं नाव वाचून तिचा चेहरा कसा होईल, ते बघत राहिले.

पाकीट परत आलं. मी बाळाला न्हाऊ घालत होते, त्यामुळे पोस्टमनकडून ते जावेने घेतलं. वर लिहिलं होतं, मासिक बंद झाले. मी ओल्या हाताने आत गेले, तोवर तिने फोडून वाचलंही होतं.

"जाऊबाई, हे मासिक बंद पडून दोन वर्षं झाली. मला नाही का विचारायचं? आमच्या संपादकांना मी चिठ्ठी देते. माझ्या शब्दाला ते नाही म्हणत नाहीत. फक्त शेवट जरा मी बदलून देते, तो पडलाय."

"असू दे," मी म्हटलं. "तुझी दूध प्यायची वेळ झाली."

तिने मनापासून म्हटलं होतं, याचाच मला जास्त राग आला. तिच्या मासिकाचा पत्ता, ती बायकांना वाचून दाखवायची त्या अंकाच्या पाठीवर छापलेला होता. इतके दिवस तो अंक मी खाटेवरून उचलून फडताळात ठेवत होते, पण कधी उलटून बघितला नव्हता. दुपारी ती झोपल्यावर पत्ता उतरवला. गोष्टीतला एक शब्द बदलला नाही. खाली साताऱ्याचा पत्ता आणि माहेरचं नाव घातलं, आडनावावरून कुणी नातं जोडू नये म्हणून, आणि पाकीट स्वतः जाऊन पेटीत टाकलं.

साताऱ्याला परतल्यावर काही महिन्यांनी अंक आला. गोष्ट छापली होती, शेवटासकट. ती वाचायच्या आधी मी अनुक्रमणिका बघितली. त्याच अंकात जावेचीही गोष्ट होती. माझ्या आधी, आणि वर चित्रही होतं.