सुनंदाच्या तळ्यातल्या मरळी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवळात उभी राहूनही नाही — देवाला ठाऊक असेल तर असू दे. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या गुंद गावचे नाही.

आधी एक सांगून टाकते. माझी धाकटी जाऊ सुनंदा मला आवडत नाही. तेव्हाही आवडत नव्हती, आजही नाही. तुम्ही म्हणाल, तिनं तुझं काय वाईट केलं? काही नाही. तेच तर डोक्यात जायचं — तिच्यात खोट म्हणून सापडायची नाही.

मासे पाळायची टूम तिचीच. मामंजी भाताच्या शेताचा तुकडा खणायला तयार नव्हते. शेवटी म्हणाले, एक वर्ष बघू, नाही जमलं तर बुजवून टाकायचं. मातीच्या पाट्या वाहून तिनं तळं खणलं. जोयड्याला मासेखात्याच्या ऑफिसात जाऊन नियम विचारून आली, आणि पाठ केले! पिल्लं सोडण्याआधी तळ्यातल्या मरळी काढायच्या, कारण मरळ बाकीची पिल्लं गिळते. ओढ्याचं पाणी आत येतं तिथं बारीक जाळी बांधायची. पिल्लांची पिशवी आधी तळ्यात तरंगत ठेवायची, मगच तोंड सोडायचं.

मीही हट्टानं परसातल्या खड्ड्यात पिल्लं आणून टाकली होती. पिशवी फोडली आणि ओतली. संध्याकाळपर्यंत सगळी उलटी तरंगत होती — आणि ही बाई चार बायकांत हसत म्हणाली, "आक्कांनी मासं पाळाय आणल्यात का कालवणाला?" सगळ्या हसल्या. मीही हसले. आतून मात्र जळून खाक झाले.

पावसात ओढ्याचे मासे चढून भातात येतात, आम्ही ते धरतो. त्या वर्षी मला दोन-तीन मरळी मिळाल्या, चांगल्या हाताएवढ्या. कालवणच करायचं होतं — खरंच? मग कळशीत जिवंत का ठेवल्या मी? सुनंदा माहेरी गेली होती. मी बांधावर गेले आणि कळशी तिच्या तळ्यात उपडी केली.

उन्हाळ्यात जाळं ओढलं. तिनं सोडलेले रोहू-कटला अगदी मूठभर, आणि त्यांच्यात पोट सुटलेल्या मरळी. मामंजी काठावर उभे. कुणीतरी म्हणालं, मरळ ओल्या बांधावरून सरपटतही येते, त्यात पोरीचा काय दोष? मामंजी विचारात पडले. तळं वाचलं असतं. तिथं मी नुसती गप्प बसले असते तरी — पण नाही.

"जाळी सैलच हुती," मी म्हणाले, "म्या बघितलेली."

कुणी विचारलं होतं मला?

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. आता भांडेल, असं वाटलं. मी पदर खोचून तयारच होते. ती म्हणाली, "आक्का म्हणत्यात तर सुटली असंल गाठ. माझंच चुकलं."

तळं बुजवलं. माती तिनंच वाहिली. मीही चार पाट्या टाकल्या, लोकांना दिसावं म्हणून. आता तिथं पुन्हा भात पिकतं.

जाळी पक्की होती. तिनं तोंडात दोरी धरून, पाय रोवून बांधलेली मी पाहिली होती. पण तेव्हापासून तिचा स्वतःच्या हातांवरचा भरवसा गेला तो गेलाच. गोठ्यात रेडकाचं दावं बांधते, सोडते, पुन्हा बांधते. मग मला हाक मारते — आक्का, जरा बघता का? मी जाते, ओढून बघते. दावं घट्ट असतं.

तरी कधी कधी मी म्हणते, "सैल हाय, परत बांध."