वन्संच्या गळ्यातला पाहुणा

१२ नोव्हेंबर. उद्या वन्संचं ऑपरेशन, म्हणून त्यांची पिशवी भरतेय.

आमच्या शहराला पाणी पुरवणारं तिघरा धरण कधी आटलंच, तर पहिला संशय आमच्या वन्संवर घ्यावा. माझ्या नवऱ्याची ही थोरली बहीण, निवृत्त शिक्षिका; जयेंद्रगंजात आमच्याच घरी, वरच्या खोलीत राहतात. दिवसभर पाणी पितात, तरी झोपताना उशाशी दोन तांबे. एक स्वतःचा, दुसरा 'त्याचा'. "आत बसलाय तो," शांतपणे सांगायच्या. "हाडं खातो, मग तहान नाही लागणार?" आम्ही हसायचो. सकाळी मात्र दुसरा तांबा रिकामा असायचा. दोनदा मुतखडे पडले, ते कुंकवाच्या डबीत जपून ठेवलेत. चहाला आलेल्यांना दाखवायच्या, "हे त्याचं उष्टं." नई सडकेवरच्या एक बाई कप अर्धा ठेवून गेल्या, त्या परत आल्या नाहीत.

शेजारीण म्हणाली, "हजीरा में एक बाबा हैं, झाड़ देंगे." मी भूतबित मानत नाही. वयानं हाडं ठिसूळ झालीत, एवढंच. असं ठरवून मी दोन वेळा दुधाबरोबर कॅल्शियमची गोळी द्यायला लागले. समोर उभं राहून.

"अगं, त्याला कशाला खाऊ घालतेस?"

"वन्सं, मुकाट्यानं गिळा."

दीड वर्ष त्यांनी गिळली. गेल्या महिन्यात लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरवताना मनगट मोडलं, तेव्हा कुठे रक्त तपासलं, मग गळ्याचं स्कॅन झालं. गळ्यात, थायरॉइडच्या मागे, हरभऱ्याएवढी गाठ. कॅन्सर नाही, पण तीच हाडांतलं कॅल्शियम रक्तात ओढत होती. तहान, मुतखडे, भास, सगळं तिचंच. आणखी वर्षभर चाललं असतं तर किडन्या गेल्या असत्या.

"और ऊपर से कैल्शियम? ये गोलियाँ किसने शुरू कीं?" डॉक्टरांनी विचारलं.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

"मैंने," वन्सं म्हणाल्या. "ये तो मना करती थी. मेरी ही ज़िद थी."

बाहेर आल्यावर मला एवढंच म्हणाल्या, "आत कुणीतरी आहे, सांगत नव्हते?"

१३ नोव्हेंबर. सकाळी त्यांना गाडीत बसवलं आणि त्यांचा चष्मा आणायला वर गेले. ऑपरेशनसाठी रात्रीपासून त्यांना पाणी प्यायला बंदी होती. त्यांचा तांबा काठोकाठ भरलेला होता. दुसरा रिकामा.

मी भूतबित मानत नाही. पण निघालेल्या पाहुण्याला पाणी विचारायची आपल्यात रीत आहे. तो तांबा भरला, जागेवर ठेवला आणि दार ओढून घेतलं.