धुळ्याच्या चौकीतला बंदोबस्त

पोलीस चौकीत कारकुनी केली की गुन्ह्यांपेक्षा किस्सेच जास्त गोळा होतात. गुन्ह्याचा निकाल लागतो, फाइल बंद होते. किस्से कोणी मागत नाही, म्हणून ते आपल्याजवळच राहतात. मी धुळ्याच्या चौकीत बारा वर्षं काढली, इंग्रजांची शेवटची. आमचे फौजदार नाना अंगाने बुटके, तापट, पण मनाने निर्मळ. त्यांच्या हाताखाली हवालदार दौलत, सहा फूट उंच. आणि सगळ्यांच्या वर गोरा साहेब. त्याला शहरात शांतता हवी असे, तीही लेखी.

*

एकदा जमावबंदीची ऑर्डर आली. पाचपेक्षा जास्त माणसांनी एकत्र जमायचं नाही. दौलत दवंडी द्यायला जवळच्या खेड्यात गेला. पारापाशी उभं राहून त्याने डफ वाजवला, तसं सगळं गाव धावत आलं. त्याने हुकूम वाचून दाखवला. एक म्हातारी पुढे झाली.

"मंग डफ कसाले वाजाडस, भाऊ? आम्ही बठ्ठा त्यानाकरताच उनूत."

डफ ऐकूनच सगळे आले, हे दौलतला पटलं. त्याने रिपोर्ट दिला : हुकूम जाहीर केला, जमाव शांततेने पांगला.

*

गणपतीच्या मिरवणुकीत मशिदीच्या अलीकडे-पलीकडे पन्नास पावलं वाद्यं बंद, असं साहेबाने ठरवलं. दोन्हीकडच्या मोठ्या माणसांची कमिटी बसली आणि वाद निघाला, पावलं कोणाची? गणपतीवाल्यांना नानांची हवी होती, मशिदीवाल्यांना दौलतची. दोन बैठका त्यातच गेल्या. गल्लीत धुसफुस सुरू झाली, लोक काठ्या शोधू लागले.

तिसऱ्या बैठकीला नानांनी बँडवाल्या चाचांना बोलावलं, कारण थांबायचं शेवटी त्यांना होतं. चाचांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"नमाजाच्या वेळी आमचा बँड बंदच असतो, साहेब. आम्हालाच आत जायचं असतं."

कमिटीने त्यांचे आभार मानले आणि चौथी बैठक ठरवली.

*

संशयितांच्या यादीत एक रिटायर मास्तर होते. त्यांच्या घरावर नजर ठेवायला एक शिपाई नेमला होता. तो दर शनिवारी लिहून द्यायचा : "मास्तरांची काही हालचाल नाही." साहेब खूश.

वर्षभराने नाना स्वतः चौकशीला गेले. मास्तरांच्या मुलीने दार उघडलं.

"बाबा गेल्या दिवाळीतच वारले. तुमच्या शिपायाने खांदासुद्धा दिला."

नानांनी चौकीत येऊन शिपायाला फैलावर घेतलं. तो मान खाली घालून म्हणाला, "पण नाना, मी खोटं काय लिहिलं?"

*

मोर्च्यातून पकडलेल्यांच्या खादीच्या टोप्या जप्त झाल्या होत्या. सुटकेच्या दिवशी त्या परत करायच्या, तर दौलतने सगळ्या एकाच पोत्यात भरलेल्या. कोणाची कोणती, कळेना. त्याने एकाला विचारलं, "यातली तुझी कोणती?"

"कुठलीही द्या. सगळ्यांची एकच आहे."

*

बेचाळीसच्या पावसाळ्यातली गोष्ट. प्रभातफेरी काढणाऱ्या नऊ बायकांना दौलत घेऊन आला. तो नेहमी पुढे चालायचा, त्या दिवशी मागे होता. कारण आत आल्यावर कळलं. नववी बाई म्हणजे काकू, नानांच्या पत्नी. आमच्या डब्यांसाठी लोणचं पाठवणाऱ्या.

नाना हळूच म्हणाले, "तू घरी जा."

"या सगळ्या जात असतील तर जाते," काकू म्हणाल्या.

पकडलेल्यांची यादी संध्याकाळी साहेबाच्या टेबलावर जाणार होती. नानांची पेन्शन तीन वर्षांवर आली होती. मी लेखणी खाली ठेवली. नाना माझ्याकडे न बघता म्हणाले, "लिही."

मी आठ जणींची नावं उतरवली. काकूंनी स्वतःचं नाव, वय स्पष्ट सांगितलं.

"नवऱ्याचं नाव?" मी विचारलं. दुसरं काय करणार, तसा रकानाच होता.

"आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत," काकू म्हणाल्या. "त्यांनाच विचारा."

नानांनी आपलं नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. मी ते लिहिलं. अजून एक रकाना उरला होता.

"नवऱ्याचा धंदा?"

नानांनी वाकून यादी एकदा वरून खाली वाचली.

"सरकारी नोकरी," ते म्हणाले. "सध्या."