चूड

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही — आणि तिला तर माझ्या खिशातल्या तपकिरीचीही खबर असते. तुम्हाला सांगतो. का, ते विचारू नका.

मी कंडक्टर होतो. नव्वदीनंतरची गोष्ट. खोडाळ्याच्या पुढे डोंगरातल्या एका गावी आमची मुक्कामी गाडी जायची. रात्री तिथंच बाकावर झोपायचं, पहाटे जव्हारला निघायचं. डास, थंडी, पाठीत रुतणारी बाकाची कड — वैताग होता नुसता. घर जव्हारात, आणि मी डोंगरात कोंडलेला.

गाडी तोट्यातली. सरकार पैसे भरायचं म्हणून चालायची. आयजीच्या जिवावर बायजी उदार, असं मी चहाच्या टपरीवर हसून म्हणायचो. रिकाम्या गाड्या सरकारनं किती दिवस पोसायच्या? आणि माझा पगार — तो कुठल्या नफ्यातून येत होता? हे मात्र मला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

गाडी रिकामी नव्हतीच. गावात चारदोन माणसं चढायची, पण खाली फाट्यावर सगळ्या पाड्यांची माणसं उभी असायची. अंधारात गाडी थांबावी म्हणून त्यांतला लहानू वाळल्या काटक्यांची चूड पेटवून हलवायचा. त्याची पोर यमी जव्हारच्या शाळेत नववीत होती. तिच्या पाड्यातून तिथवर पोचलेली ती पहिलीच. चढताना रोज हसायची, पास दाखवायची — मी न मागता.

मग एके पहाटे एसटीचे साहेब जीपने मुक्कामाच्या गावी आले. गाडी चालू ठेवायची की बंद, ते त्यांनी ठरवायचं होतं. मफलर गुंडाळून ते माझ्याशेजारी बसले आणि पेंगायला लागले. पाऊस भुरभुरत होता. फाटा आला. चूड हलताना दिसली. मी —

मी डबल बेल दिली. म्हणजे थांबू नको, चल.

ड्रायव्हरनं आरशात पाहिलं. मी पुन्हा दोनदा दोरी ओढली. गाडी थांबली नाही. पुढे साहेब जागे झाले, म्हणाले, "एवढीच माणसं?" मी म्हणालो, "रोज एवढीच, साहेब."

गाडी बंद झाली. मी घरी झोपायला लागलो. झोप लागायची का? लागायची. खोटं कशाला बोलू?

पुढच्या वर्षी खोडाळ्याच्या बाजारात लहानू भेटला. यमी मागे उभी, डोक्यावर गाठोडं. वीटभट्टीवर निघाले होते. रोज भाड्याच्या जीपने जव्हार परवडेना, म्हणून शाळा सुटली होती. मला वाटलं, आता हा शिव्या देणार. द्यायला हव्या होत्या. तो हात जोडून म्हणाला, "मास्तर, त्या दिसा माझी चूड भिजेल होती. म्हणून तुमाला दिसली नाय ना? माझाच चुकला. पोरीचा नुकसान मीच केला."

यमी माझ्याकडे बघत होती. हसली नाही.

मी म्हणालो, "हो. दिसली नाही."

लहानू आता नाही. चूड भिजली होती, असं मानूनच तो गेला. पोरीजवळही तेच बोलला असणार. मी निवृत्त झालो, खाऊनपिऊन बरा आहे, आणि अजून त्याच फाट्यावर अडकलेलो आहे.

चूड भिजलेली नव्हती. चांगली पेटली होती. तिच्या उजेडात मला यमी दिसली होती — दप्तर भिजू नये म्हणून पोटाशी धरलेली, चढायला एक पाय पुढे टाकलेली.