दोन शालू

गांधीबागेतल्या साडीच्या दुकानात माझ्या शेजारी काटोलहून आलेली एक बाई बसली होती. एकाच रंगाचे दोन शालू तिनं मांडीवर धरले होते.

“दोन पोरींचं लग्न का, मावशी?” दुकानदारानं विचारलं.

“माझी लेक अन् तिची मैत्रीण. दोघींचं एकमेकींशी.”

त्यानं शालू ओढून घेतले. “धर्मात बसत नाही हे. सरकारही मानत नाही.”

“धर्म मले नको शिकवू गा. देवापुढं रोज दिवा मी लावते. अन् सरकारवाले मत मागाले आले तवा माझ्या ओट्यावर चहा पेले. आता पोरीच्या लग्नाची नोंद काहून नाही करत?”

तिनं शालू परत हिसकावून घेतले, पैसे गादीवर आपटले आणि निघाली.

मी मागोमाग जाऊन तिचं अभिनंदन केलं.

“नुसतं तोंडानं काय बोलता? लग्नाले या,” ती रागातच म्हणाली.